‘एकच प्याला’मधील व्यसनी नायक : सहानुभूतीचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांत व्यसनी, परंतु मनाने चांगला असा नायक अनेकदा भेटतो. अपमान अथवा अपेक्षाभंग, वाईट संगत, सोशिक पत्नी आणि अखेरचा पश्चात्ताप हा त्याच्या कथेचा परिचित क्रम होय. मराठीत या क्रमाला राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाने प्रभावी रूप दिले. या सहानुभूतीचा आधार कोणता आणि तिची किंमत कोण देते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाटक व नायक :
गडकऱ्यांचे निधन जानेवारी 1919 मध्ये झाले. त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर या भूमिका गाजल्या. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. सनद तात्पुरती रद्द झाल्याच्या अपमानातून तो तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला घेतो. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरीसाठी दारोदार फिरतो. परंतु समाजाचा अविश्वास व उपहास पदरी पडून पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसनमुक्तीच्या वाटेवरील पुनर्पतनाचे हे चित्रण आजही वास्तव वाटते. मद्यपी म्हणजे केवळ दुर्गुणी मनुष्य, ही समजूत गडकऱ्यांनी नाकारली, हे त्यांचे मोठे यश होय.

सहानुभूतीची किंमत :
तथापि ही सहानुभूती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. सुधाकराचे पतन शोकात्म ठरते. त्याच व्यसनाने मरणारा तळीराम मात्र विनोदाचा व तिरस्काराचा विषय होतो. वकील व त्याचा कारकून यांच्यातील सामाजिक अंतर येथे दुर्लक्षिता येत नाही. दुसरे असे की, नायकाविषयीची करुणा सिंधूच्या मौनावर उभी आहे. दळण दळून संसार चालविणारी सिंधू नशेतील पतीच्या हातून मूल गमावते, स्वतः मरणोन्मुख होते आणि तरीही पतीला दोषमुक्त करण्यासाठी असत्य सांगते. तिच्या क्षमेमुळेच प्रेक्षकालाही क्षमा करणे सोपे जाते.

राळेगणसिद्धीचा अनुभव :
रंगभूमीबाहेर समाजाने या प्रश्नाला कसे उत्तर दिले, हे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात पाहावयास मिळते. 1975 मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत दारूबंदीचे कार्य हाती घेतले. गावातील दारूभट्ट्या बंद झाल्या. न ऐकणाऱ्या मद्यपींना मंदिरासमोर खांबाला बांधून मारल्याचेही हजारे यांनी स्वतः सांगितले आहे. येथे सुधाकर नव्हता. होता तो अपराधी. ग्रामीण मद्यपीच्या पूर्वायुष्यातील अपमानाची चौकशी कोणी केली नाही. मात्र उद्ध्वस्त होणारे घर या प्रयत्नाच्या केंद्रस्थानी होते. पुढे महाराष्ट्रात गावातील दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रियांच्या मतदानाची तरतूद झाली आणि ‘आडवी बाटली’ हे त्या मतदानाचे चिन्ह रूढ झाले. नाटकातील सिंधूला जे बोलता आले नाही, ते मतपत्रिकेवर व्यक्त होऊ लागले.

1986 मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने तिसरी दिशा दाखविली. तेथे व्यसनी हा नायकही नाही, अपराधीही नाही. तो रुग्ण आहे. उपचारात त्याच्या कुटुंबालाही स्थान आहे.

निष्कर्ष :
‘एकच प्याला’ने व्यसनी माणसाचे माणूसपण मान्य केले, परंतु ते सुशिक्षित नायकापुरते आणि पत्नीच्या मौनाच्या आधारे. राळेगणने घराचे दुःख ओळखले, पण व्यसनी माणसाला शिक्षेचा धनी केले. व्यसनी पात्राचे कोणतेही चित्रण तपासताना त्याच्याविषयी करुणा वाटते का, एवढेच पाहणे पुरेसे नाही. तळीरामालाही ती करुणा मिळते का आणि सिंधूला बोलू दिले जाते का, हे दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.