गवताखालची बाग

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्लॅन आणि एलिव्हेशन देऊन आयसोमेट्रिक काढायला लावायचे, आठवतंय? माझी सगळ्यात नावडती शीट. पण परवा १७०७ सालचं एक कोरीव चित्र बघत बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं, अरे, या माणसांनी तेच तर केलंय!

चित्र आहे इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या चॅट्सवर्थचं. ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा वाडा, भोवती भूमितीच्या पुस्तकातून उचलून ठेवलेली बाग. लिओनार्ड क्निफने रेखाटलं, यान किपने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. दोघेही डच. 'ब्रिटानिया इलस्ट्राटा' या त्यांच्या पुस्तकात अशी ८० चित्रं आहेत आणि बहुतेक सगळी पक्ष्याच्या नजरेतून. गंमत म्हणजे माणूस फुग्यात बसून पहिल्यांदा उडाला १७८३ मध्ये. म्हणजे जिथून हे चित्र 'दिसतं' तिथे तेव्हा कोणी पोचूच शकत नव्हतं. खाली फिरायचं, मापं घ्यायची, आणि मग डोक्यातल्या डोक्यात वर जायचं. वर पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, कारण छाप आरशासारखी उमटते. अनडू नाही!

आता खरं सांगायचं तर मला आधी ही शुद्ध खुशामत वाटली होती. गिऱ्हाईक म्हणजे वाड्यांचे मालकच. त्यांना आपली बाग जास्त सरळ, जास्त मोठी दाखवलेली कशाला नको असेल? शिवाय तपासणार कसं? पुढे फॅशन बदलली. वाड्याच्या दक्षिणेचा मोठा नक्षीदार ताटवा गवताखाली गेला. मग १७६० च्या दशकात कॅपेबिलिटी ब्राउन आला आणि त्याने उरलेल्या बऱ्याच सरळ रेषा मोडून 'नैसर्गिक' वाटेल असं माळरान केलं. (हा नैसर्गिकपणाही पैसे मोजूनच बनवलेला, ते असो.) अशा कितीतरी बागांचं आज फक्त किपचं चित्र उरलंय. सोर्स कोड गेला, स्क्रीनशॉट राहिला.

आणि मग २०१८ चा उन्हाळा आला. इंग्लंडमध्ये आठवडेच्या आठवडे पाऊस नाही. चॅट्सवर्थची हिरवळ करपली, पण सगळीकडे सारखी नाही. जुन्या वाटांची खडी जिथे खाली होती तिथे मातीचा थर पातळ, ओल कमी, त्यामुळे गवत निराळ्या रंगाचं झालं. वरून काढलेल्या फोटोंत चक्क वाटा, वाफे, वळणं! १६९९ चा तो ताटवा, साडेचारशे फुटांहून लांब, चित्रात आहे त्याच जागी.

मी फोटो आणि चित्र शेजारी शेजारी उघडून कितीतरी वेळ बघत होतो. क्निफसाहेब, माफी असावी.

नंतर पाऊस पडला आणि गवत पुन्हा हिरवं झालं.