खरेदीखत कीं गहाणखत ?

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत मुदत-खरेदीचीं खतें पुष्कळ आढळतात. त्यांतील मजकूर स्थूलमानानें असा असतो : अमुक शेत अमुक रुपयांस कायम खरेदी दिलें, ५ वर्षांच्या आंत रुपये परत केल्यास तें माघारें द्यावें, न केल्यास त्यावर माझा कांहीं एक हक्क राहणार नाहीं. वाक्यें तीनच. पण हें शेत विकणें झालें, कीं तें तारण ठेवून कर्ज काढणें झालें ? या प्रश्नाच्या उत्तरावर कित्येक कुटुंबांची भाकरी अवलंबून असे. खरेदी ठरली, तर मुदतीचा शेवटचा दिवस मावळतांच शेत गेलें. गहाण ठरलें, तर पैसे भरून तें सोडविण्याचा हक्क मुदत टळल्यावरहि टिकतो. दावा लावण्यास १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानें ६० वर्षें दिलीं होतीं. १९६३ च्या कायद्यानें तीं ३० केलीं.

असें खत वाचण्याच्या दोन रीती आरंभापासून दिसतात. मुंबईच्या उच्च न्यायालयानें १८६४ सालीं रामजी विरुद्ध चिंतो या दाव्यांत ठरविलें कीं, व्यवहार मुळांत गहाणाचा असेल, तर मुदत टळल्यानें तो विक्रीचा होत नाहीं. उलट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें १८७० सालीं मद्रासकडील एका अपिलांत सांगितलें कीं, या देशाच्या जुन्या रिवाजाप्रमाणें अशी अट अक्षरशः पाळली गेली पाहिजे. एकानें लिहून देणाराची गरज पाहिली, दुसऱ्यानें लिहिलेलें अक्षर पाहिलें.

पुढें १८७२ चा पुराव्याचा कायदा आला. त्याच्या ९२ व्या कलमानें ठरविलें कीं, व्यवहाराच्या अटी एकदां लेखांत उतरल्या म्हणजे त्यांच्याविरुद्ध तोंडी करार सांगतां येत नाहीं. नियम शहाणपणाचा आहे. साक्षीदार फिरतो, कागद फिरत नाहीं. परंतु ज्याला तो कागद वाचतांच येत नाहीं, त्याचें काय ? आंगठा कुळाचा आणि भाषा सावकाराच्या कारकुनाची ! शेत तुझेंच आहे, कागद नांवाला, हें ओटीवरचें बोलणें कचेरीपर्यंत पोंचत नसे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला. त्यांत आणि नंतरच्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर व रोख्यांवर होता. कागदाचा अर्थ लावणें ज्यांच्या हातीं नव्हतें, त्यांनीं कागदच जाळला.

सरकारास जाग आली. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं झाला. शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारानें स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीं लिहिलें जावें, असें त्यांत ठरलें. पुढें त्यांत १० अ हें कलम घालून, व्यवहाराचें खरें स्वरूप शोधण्यासाठीं तोंडी पुरावा घेण्याचीहि मोकळीक दिली गेली. इतरत्र मात्र कागदाचेंच राज्य राहिलें. बालकिशन दास विरुद्ध लेग या १८९९ च्या प्रसिद्ध निकालांत प्रिव्ही कौन्सिलनें बजाविलें कीं, पक्षकारांच्या मनांत काय होतें याविषयीं तोंडी साक्ष नको. खत पाहा आणि त्याच्या भोंवतालची परिस्थिति पाहा.

या शेवटच्या चार शब्दांत वकिलांना वाट सांपडली. किंमत बाजारभावाच्या मानानें फारच थोडी आहे काय ? खत झाल्यावर कबजा कोणाकडे राहिला ? शेतसारा कोण भरतो ? विकणाराच खंडानें शेत कसतो काय, आणि तो खंड नेमका व्याजाइतकाच कसा ? हीं उत्तरें एकाच दिशेला बोट दाखवूं लागलीं, म्हणजे ‘कायम खरेदी’ हे शब्द केवळ पांघरूण ठरतात.

१९२९ सालीं मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यांत दुरुस्ती झाली. परत देण्याची अट विक्रीच्या त्याच खतांत असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल, असें ५८ व्या कलमांत घातलें गेलें. यामुळें अनिश्चितता कमी झाली खरी. पण खरेदीखत एका कागदावर आणि परत विकण्याचा करार दुसऱ्या कागदावर केला, तर ऋणकोचा गहाण सोडविण्याचा हक्कच नाहींसा होतो, हेंहि ठरून गेलें. चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या १९५४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनें न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं वाचनाची रीत घालून दिली : आधीं खताचे शब्द, ते स्वच्छ असतील तर तेच प्रमाण, संदिग्ध असतील तर परिस्थिति. विक्री व परतीची अट एकाच खतांत असून कायद्यांतील इतर लक्षणेंहि जुळत असतील, तर सामान्यतः कल गहाणाकडे असावा.

शब्दांचा अर्थ लावणें हा आम्हां शिक्षकांचाहि धंदा. आमच्या वर्गांत अर्थ चुकला तर दोन गुण जातात. कचेरींत घरदार जातें. म्हणून अडचणीच्या वेळीं कोणी कागद पुढें केला, तर तो दुसऱ्या जाणत्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, आणि परत देण्याची अट त्याच कागदांत आहे कीं नाहीं, हें सही करण्यापूर्वीं पाहावें. सहीनंतर आपल्या मनांतला अर्थ नव्हे, कागदांतला अर्थ आपला होतो.