चोरी, जबरी चोरी की दरोडा? केबल, शेळी, कांदा गेला तर कोणतं कलम लागतं, वाचा

विहिरीवरची केबल कापून नेली, गोठ्यातली शेळी सोडून नेली, चाळीतला कांदा गेला. गावात या सगळ्याला चोरीच म्हणतात. कायद्यात मात्र कलम आणि शिक्षा वेगवेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून भादंविचे ३७८ व ३७९ ही चोरीची कलमं आता ३०३ मध्ये आली आहेत.

चोरी कधी ठरते?

पाच गोष्टी लागतात: नियत खोटी असणे, वस्तू हलवता येणारी असणे, ती दुसऱ्याच्या ताब्यात असणे, त्याची संमती नसणे आणि वस्तू जागेवरून हलवणे. बांधावरचं उभं झाड जंगम नाही, पण तोडून जमिनीपासून वेगळं केलं की त्याचीही चोरी होते. वस्तू गावाबाहेर न्यायलाच पाहिजे असं नाही, वाईट हेतूनं जागेवरून हलवली तरी पुरे.

प्रकार आणि शिक्षा

- साधी चोरी (३०३): ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान १, कमाल ५ वर्षे सक्तमजुरी व दंड.
- हिसकावणे, उदा. गळ्यातली पोत ओढणे (३०४): ३ वर्षांपर्यंत कैद व दंड.
- राहतं घर किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी, देवळातली मूर्ती, सरकारी वा ग्रामपंचायतीची मालमत्ता (३०५): ७ वर्षांपर्यंत.
- नोकरानं मालकाची वस्तू चोरणे (३०६): ७ वर्षांपर्यंत.
- मारहाण करून किंवा धाक दाखवून, म्हणजे जबरी चोरी (३०९): १० वर्षांपर्यंत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर केल्यास १४ वर्षांपर्यंत.
- पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी, म्हणजे दरोडा (३१०): जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणारा भंगारवालाही ३१७ खाली अडकतो.

५ हजारांची मेख

साध्या चोरीत माल ५ हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे फक्त एनसी होते. मग न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची.

म्हणून फिर्याद देताना घाई करू नये. केबल किती मीटर, सोबत स्टार्टर गेला का, शेळ्या किती, कुलूप तोडलं का, हे सगळं लिहून द्यावं. खरेदीची बिलं जपावीत, मोटारीचा नंबर व फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. किंमत फुगवून मात्र सांगू नये, खोटी माहिती अंगलट येते.

दखलपात्र गुन्हा असून ठाण्यात नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे टपालानं लेखी तक्रार पाठवता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्यावी.