आडनांवांचीं रूपें व लग्नाचे कागद

घराण्याची वंशावळ लावतांना नामसादृश्यावर भिस्त ठेवण्याची प्रवृत्ति आपल्याकडे फार आहे. आडनांव जुळलें, गांव जवळपासचा निघाला, कीं मधल्या दोनतीन पिढ्या अनुमानानें भरून वंशवृक्ष पुरा करावयाचा, असे प्रकार आम्हीं अनेक पाहिले आहेत. उलटपक्षीं, एका अक्षराच्या फरकामुळें एकच कुल दोन ठिकाणीं विभागून टाकल्याचीं उदाहरणेंहि थोडीं नाहींत. त्यांतील एक आमच्याच हातून घडलें. तें शेवटीं सांगूं.

गोमंतकाचे कागद पाहणारास ही अडचण पहिल्याच दिवशीं भेटते. पोर्तुगीज लेखकानें कोंकणी उच्चार जसा ऐकला तसा आपल्या लिपीच्या सोयीनें लिहिला. त्यामुळें कामताचा ‘कामोतिं’ झाला, प्रभूचा ‘पोरोबो’ झाला, वाडीकर सावंत भोंसल्यांचा ‘बोंसुलो’ झाला. ‘के’ हें अक्षर त्या लेखनांत जवळजवळ वर्ज्य. म्हणून कामत ‘सी’ खालीं सांपडतो, तर केंकरे ‘क्यू’ खालीं शोधावा लागतो. शेणवी हें उपपद जुन्या कागदांत ‘एक्स’ नें आरंभून ‘शेणिं’ असें येतें व अन्यत्र ‘एस’ नें आरंभून ‘सिनाय’ असें आढळतें. ‘हें घराणें अमुक सालापूर्वीं या गांवांत नव्हतेंच’ असें छातीठोकपणें सांगणारानें पुष्कळदां सूचीचीं ‘एस’ चींच पानें चाळलेलीं असतात. ‘ड’ ची गत याहून चमत्कारिक. मडगांवचें ‘मार्गांव’, पेडण्याचें ‘पेर्नें’, कुडचड्याचें ‘कुर्चोरें’, बांदोड्याचें ‘बांदोरा’ झालें. परंतु बांदोडकर या आडनांवांत मात्र ‘ड’ राहिलेला दिसतो. अशा स्थितींत गांव व त्यावरून पडलेलें आडनांव यांचा संबंध अपरिचितास दिसूं नये यांत नवल नाहीं. बरें, सारखेपणाहि तितकाच फसवा. ‘पोरोब’ एवढेंच लिहिलें असतां तो प्रभु कीं परब, हें केवळ अक्षरांवरून ठरवितां येत नाहीं.

आमची मोडी यापेक्षां फार सोज्वळ आहे अशी कोणी समजूत करून घेऊं नये. तींत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाहीं, आणि अनुस्वार द्यावा कीं न द्यावा हें लेखकाच्या मर्जीवर. त्यांतच हुद्याचें आडनांव होतें. नाना फडणिसांचें मूळ आडनांव भानू; पेशव्यांचें भट. वेळणेश्वरच्या गोखल्यांची एक शाखा रास्ते म्हणून प्रसिद्धीस आली. पेशव्यांचे व्याही भिकाजी नाईक रास्ते यांस मूळचे गोखले म्हणून ओळखावयाचें तर त्या काळच्या कागदांतील ‘रास्ते’ हीं दोन अक्षरें कांहींच मदत करीत नाहींत.

मग निर्णय कशानें करावयाचा? आमच्या मतें लग्नाच्या कागदांनीं. सनदेंत एका घराण्याचें नांव येतें. लग्नाच्या कागदांत दोन घराणीं, त्यांचीं गांवें व बहुधा दोन्हींकडचे आप्त एकदम येतात. ख्रिस्ती समाजाची सोय या बाबतींत अधिक चांगली आहे. ट्रेंट येथील धर्मसभेनें 11 नोव्हेंबर 1563 रोजीं असा ठराव केला कीं, विवाह धर्मगुरु व दोन किंवा तीन साक्षी यांच्या समक्ष व्हावा, आणि वधूवरांचीं व साक्षींचीं नांवें, दिवस व स्थळ हीं धर्मगुरूनें वहींत नोंदावीं. गोमंतकांत बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें आडनांव घेण्याचा प्रघात असल्यानें सख्ख्या भावांचींहि आडनांवें भिन्न असूं शकत. तेथें आडनांवावरून कुल शोधणें व्यर्थ होय. परंतु 1215 च्या लॅटरन धर्मसभेपासून चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यांत विवाहास बंदी होती, व ती 1917 च्या धर्मसंहितेनें तिसऱ्या पायरीवर आणिली. बंदीच्या आंतील विवाहास वरिष्ठांची सूट लागे. ती सूट विवाहाच्या नोंदींत लिहिलेली असली म्हणजे दोन निराळ्या आडनांवांचें रक्त एक आहे हें आपोआप सिद्ध होतें. धर्मांतरापूर्वीच्या पिढीपर्यंत मात्र ह्या वह्या नेत नाहींत. तेथें गांवकरीच्या कागदांतील वांगडांकडेच वळावें लागतें.

आपल्याकडे हाच न्याय उलटा चालतो. सगोत्र विवाह निषिद्ध. म्हणून ज्या दोन आडनांवांत शरीरसंबंध झाल्याची याद सांपडेल, तीं एका मूळ पुरुषाचीं असल्याची कथा तेथेंच बहुतेक संपते. दत्तकाचा प्रश्न तेवढा तपासून पाहावा. मात्र संबंध न सांपडल्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. गोखले, लेले, गानू व जोग हे सर्व काश्यपगोत्री, तेवढ्यावरून ते एककुल ठरत नाहींत.

या कागदांचा आणखी एक उपयोग आहे, व तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या वंशावळींत स्त्रिया जवळजवळ नाहींतच. सासरीं येतांच मुलीचें नांव बदललें, आणि माहेर दोन पिढ्यांत विस्मृतींत गेलें. 1730 सालीं बाळाजी बाजीरावांशीं लग्न झालेल्या गोपिकाबाईंचें माहेर आपण जाणतों तें पेशव्यांच्या घरांत त्या आल्या म्हणून. सामान्य गृहस्थाची आजी कोणत्या गांवची हें सांगणारा कागद बहुधा एकच: आहेराची याद. तिच्यांत मातुळ, व्याही, भाऊबंद असे मथळे घालून प्रत्येकाचें गांव व त्यास दिलेलें वस्त्र लिहिलेलें असतें. कुणब्यांच्या घरीं यादहि नसे. तेथें लग्नटका व पाटदाम या करांच्या रकमा गांवच्या हिशेबांत ज्याच्या नांवें जमा झाल्या असतील तेवढाच आधार.

आतां आमची चूक. एकाच तालुक्यांतील दोन दप्तरें आमच्याकडे आलीं होतीं. एकांत आडनांवावर अनुस्वार, दुसऱ्यांत नाहीं. मूळ पुरुषांचीं नांवेंहि भिन्न. आम्हीं तीं दोन घराणीं म्हणून नोंदून मोकळे झालों. पुढें पहिल्या दप्तराचे रुमाल सोडतांना एक आहेराची याद हातीं लागली. तींत ‘भाऊबंद’ या मथळ्याखालीं दुसऱ्या घराच्या मूळ पुरुषाचें नांव होतें, पुढें त्याचें गांव, व त्यास एक पागोटें दिल्याचा उल्लेख. अनुस्वार तेथेंहि नव्हता. अशा आणखी यादी असतील म्हणून आम्हीं मालकांस विचारलें. सनदा तेवढ्या ठेवून लग्नाखर्चाचे सारे कागद त्यांनीं पूर्वींच रद्दींत घातले होते. ही एक याद सनदांच्या पुडक्यास वेष्टन म्हणून गुंडाळलेली होती, म्हणून वांचली.