विधिमंडळ पक्षनेत्याची निवड : महाराष्ट्र व मराठवाडा

विधिमंडळातील एखाद्या पक्षाच्या सदस्यांनी आपल्यापैकी ज्याच्याकडे नेतृत्व सोपविलेले असते, तो त्या पक्षाचा विधिमंडळ पक्षनेता होय. बहुमतातील पक्षाचा नेता प्रथेने मुख्यमंत्री होतो. संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असते. परंतु पक्षाने आपला नेता कसा निवडावा, याविषयी संविधान मौन बाळगते. ही निवड मतदानाने, एकमताने किंवा पक्षश्रेष्ठींच्या आदेशाने होऊ शकते. महाराष्ट्रात हे तिन्ही मार्ग अवलंबिले गेले. त्यांतून गटबाजी तर वाढलीच. शिवाय कोणत्या प्रदेशाला सत्तेचा किती वाटा मिळावा, हेही बव्हंशी त्यांवरच ठरले. मराठवाड्याचा अनुभव या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

पूर्वपीठिका : मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील काँग्रेसमध्ये स्वामी रामानंद तीर्थ आणि बी. रामकृष्णराव यांचे दोन गट मुक्तिसंग्रामाच्या काळापासूनच होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १९५२ मध्ये रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, तर स्वामीजी लोकसभेवर गेले. पुढे १९५७ मध्ये ते औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. नेतृत्वाचा वाद मराठवाड्याला महाराष्ट्रात येण्यापूर्वीच परिचित होता, तो असा.

द्वैभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले. निवड एकमताने होणार असेल, तरच आपण नेतृत्व स्वीकारू, अशी भूमिका मोरारजी देसाई यांनी घेतली. भाऊसाहेब हिरे यांनी स्पर्धेचा आग्रह धरला, तेव्हा मोरारजी बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाण व हिरे यांच्यात लढत झाली. चव्हाण यांना ३३३, तर हिरे यांना १११ मते मिळाली. सदस्यांच्या मतमोजणीने नेता ठरण्याचे हे या राज्याच्या इतिहासातील ठळक उदाहरण होय. पराभूत उमेदवाराची शक्ती किती, हेही या मोजणीने उघड झाले आणि वादावर पडदा पडला. उघड मतदानाचा हा लाभ पुढील काळात दुर्मिळ झाला.

मतदानाकडून नामनिर्देशनाकडे : महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेल्यावर मारोतराव कन्नमवार व त्यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. दोघेही विदर्भातील होते. या निवडींवर चव्हाण यांचा प्रभाव होता. दिल्लीत राहूनही राज्यातील पक्षावर त्यांची पकड कायम होती. काँग्रेसमध्ये १९६९ साली फूट पडल्यानंतर मात्र हे सूत्र इंदिरा गांधी यांच्या हाती गेले.

नामनिर्देशनाची जी पद्धत यानंतर रूढ झाली, ती थोडक्यात अशी : दिल्लीहून निरीक्षक येतात; ते सदस्यांना एकेकटे भेटून त्यांचा कल जाणून घेतात; मग विधिमंडळ पक्षाची बैठक होऊन नेता ठरविण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांना देणारा एका ओळीचा ठराव संमत होतो आणि काही वेळाने नाव जाहीर होते. या पद्धतीत कोणाला किती मते होती, हे कधीच प्रकट होत नाही. त्यामुळे डावलला गेलेला प्रत्येक इच्छुक बहुमत आपलेच होते, असे म्हणू शकतो. निवड संपते, स्पर्धा मात्र संपत नाही.

मराठवाड्याचे नेतृत्व : विकासाच्या मागण्यांसाठी मराठवाड्यात १९७४ मध्ये मोठे आंदोलन झाले. विद्यार्थी त्यात अग्रभागी होते आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या ज्येष्ठांचे मार्गदर्शन त्याला लाभले. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईक यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला हे पद प्रथमच मिळाले. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाचे उद्‌घाटन त्यांच्याच कारकिर्दीत, १९७६ मध्ये, इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. परंतु १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव होऊन दिल्लीचा आधार सुटताच मे महिन्यात त्यांच्या जागी वसंतदादा पाटील आले.

विधानसभेच्या १९७८ मधील निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन वसंतदादांचे मंत्रिमंडळ बनविले आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. शरद पवार सहकाऱ्यांसह बाहेर पडल्याने हे मंत्रिमंडळ कोसळले व १८ जुलै १९७८ रोजी पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. शंकरराव चव्हाणही या मंत्रिमंडळात होते. याच महिन्याच्या अखेरीस विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १९९४ साल उजाडले. विधिमंडळात एकमत होणे आणि प्रदेशात ते मान्य होणे, या दोन गोष्टींमधील अंतर यातून दिसून आले.

पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत नामनिर्देशनाची पद्धत कळसास पोहोचली. अ. र. अंतुले (१९८०–८२), बाबासाहेब भोसले (१९८२–८३), वसंतदादा पाटील (१९८३–८५) व शिवाजीराव पाटील निलंगेकर (१९८५–८६) असे चार नेते या काळात झाले. भोसले यांची निवड स्वपक्षीय सदस्यांनाही अनपेक्षित होती व वर्षभर त्यांना असंतुष्टांशीच झुंजावे लागले. मराठवाड्यातील निलंगेकर यांना पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेतील गुणांच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर नऊ महिन्यांतच पद सोडावे लागले. मार्च १९८६ मध्ये शंकरराव चव्हाण पुन्हा मुख्यमंत्री झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये औरंगाबाद येथे राजीव गांधी यांच्या उपस्थितीत शरद पवार यांनी आपला समाजवादी काँग्रेस पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. मराठवाड्याच्या राजधानीत झालेल्या या समारंभाने मराठवाड्याच्या मुख्यमंत्र्यासमोर प्रबळ प्रतिस्पर्धी उभा केला. दीड वर्षात, जून १९८८ मध्ये, शंकरराव अर्थमंत्री म्हणून केंद्रात गेले व पवार मुख्यमंत्री झाले. पुढे जानेवारी १९९१ मध्ये काही मंत्र्यांनी पवारांविरुद्ध उघड मोहीम केली. ती फसली, कारण बहुसंख्य सदस्य पवारांच्या पाठीशी होते. मराठवाड्यातील नेत्यांना अशी फळी क्वचितच लाभली.

लातूरचे विलासराव देशमुख ऑक्टोबर १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी काँग्रेस आघाडीचे मुख्यमंत्री झाले. जानेवारी २००३ मध्ये पक्षश्रेष्ठींनी त्यांना बदलून सुशीलकुमार शिंदे यांना आणले. विधानसभेच्या २००४ मधील निवडणुकीत राष्ट्रवादीला ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले आणि शिंदे यांच्याऐवजी पुन्हा विलासराव आले. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये त्यांच्या जागी अशोक चव्हाण यांची निवड झाली. इच्छुक नारायण राणे यांनी श्रेष्ठींवर उघड टीका केली व त्यांना निलंबित व्हावे लागले. ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणामुळे नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणही पायउतार झाले.

मराठवाड्यातील चार नेत्यांच्या या सहा कारकिर्दी एकत्र पाहिल्या असता एक गोष्ट लक्षात येते. त्यांपैकी एकीचाही शेवट विधानसभेतील मतदानाने किंवा विधानसभा निवडणुकीतील पराभवाने झाला नाही. मतदारसंघांच्या २००८ मधील पुनर्रचनेनुसार मराठवाड्याला २८८ पैकी ४६ जागा आहेत, म्हणजे एक षष्ठांशाहून कमी. केवळ मोजणीने नेता ठरला असता, तर या प्रदेशाला संधी मिळणे कठीण होते. नामनिर्देशनाने ती मिळाली. परंतु वरून मिळालेले पद वरूनच काढूनही घेता येते. शिवाय पद आणि विकास यांची सांगड प्रत्येक वेळी बसली, असेही नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आणि जालना जिल्हा ही दोन्ही १९८१ ची फलिते असून त्या वेळी मुख्यमंत्री कोकणातील अंतुले होते.

पक्षांतरबंदी व नंतरचा काळ : संविधानाच्या ५२ व्या दुरुस्तीने (१९८५) दहावी अनुसूची समाविष्ट झाली व पक्षांतरास आळा घालण्यात आला. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण ९१ व्या दुरुस्तीने (२००३) काढून घेतले. त्यामुळे नेतृत्वाच्या वादाला कायदेशीर वळण लागले : पक्षादेश काढणारा प्रतोद कोणाचा आणि नेता कोणी नेमावयाचा, हे प्रश्न निर्णायक ठरले. शिवसेनेने २१ जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून दूर केले. परंतु बहुसंख्य आमदार शिंदे यांच्याकडे गेले. औरंगाबाद जिल्ह्यातील शिवसेनेच्या सहा आमदारांपैकी पाच त्यांत होते. पायउतार होण्यापूर्वी २९ जून रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने औरंगाबादचे नाव बदलण्याचा निर्णय घेतला. शिंदे मंत्रिमंडळाने जुलैमध्ये तो छत्रपती संभाजीनगर या रूपात नव्याने घेतला. नेतृत्वाच्या संघर्षात शहराचे नावही असे गोवले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालात विधिमंडळातील नेता व प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असे स्पष्ट केले. खरा पक्ष कोणता, हा प्रश्न मात्र विधानसभा अध्यक्षांपुढे आला व त्यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गटाच्या बाजूने निर्णय दिला. भारतीय जनता पक्षाने डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांची नेतेपदी निवड केली, तेव्हाही केंद्रीय निरीक्षक उपस्थित होते. पक्ष बदलले, तरी पद्धत टिकून राहिली.

सदस्यांनी मतदानाने नेता निवडावा, हा संसदीय शासनपद्धतीचा मूळ संकेत १९५६ मध्ये पाळला गेला. त्यानंतर तो क्षीण होत गेला. नामनिर्देशनाने लहान प्रदेशांना व अल्पसंख्य समाजांतील नेत्यांना संधी दिली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि, ज्या नेत्याला सदस्यांनी निवडलेले नसते, त्याच्या अडचणीच्या वेळी सदस्य त्याच्या पाठीशी उभे राहण्यास बांधलेले नसतात. मराठवाड्याला सत्तेचे सर्वोच्च पद अनेकदा लाभूनही ते स्थिरपणे का राखता आले नाही, याचे एक प्रमुख कारण निवडीच्या या पद्धतीत सापडते.