आजोबांच्या घड्याळाची पाठ



आपल्या तिसऱ्या पिढीतल्या काही पोरांना जुन्या घड्याळांचा नाद लागला आहे. मराठी येत नाही, आजोबांना 'सबा' म्हणतात, पण चावीचं घड्याळ कुठलं, ऑटोमॅटिक कुठलं, कुठल्या यंत्रात किती ज्वेल, हे सगळं तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी याफोच्या जुन्या बाजारात, शुक हपिशपेशीममध्ये, तासन्‌तास फिरतात. अशाच एका लोदच्या मुलाने मला मध्यंतरी फोटो पाठवला. "दोद, याचे किती येतील?" पिवळी पडलेली डायल, तिच्यावर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आणि खाली 'सवार प्रिमा'. त्याच्या सबाच्या वडिलांचं घड्याळ. मी उलट विचारलं, पणजोबा कामाला कुठे होते? उत्तर आलं, "रेल्वेत. नाहीतर मिलिटरीत. असं काहीतरी."

हे उत्तर आपल्या अर्ध्या समाजाला चालेल. आणि माझ्या मते ते पुरेसं नाही, कारण नक्की काय ते बऱ्याचदा त्या घड्याळावरूनच कळू शकतं. अलियाला निघताना भांडी विकली, कपाट शेजाऱ्यांना दिलं, नोकरीचे कागद कुठल्या ट्रंकेत गेले ते कोणाला माहीत नाही. घड्याळ मात्र मनगटावर बसून आलं.

आधी या 'सवार'बद्दल. वेस्ट एंड ही स्विस कंपनी. १८८० च्या दशकात तिने मुंबईत बस्तान बसवलं, नंतर कलकत्त्यात. माल स्वित्झर्लंडचा, गिऱ्हाईक हिंदुस्थानातलं, म्हणून नावही इथल्या माणसाला कळेल असं ठेवलं. सवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या फौजेत ही घड्याळं पुष्कळ होती. त्याच युद्धात खिशातलं घड्याळ मनगटावर आलं. खंदकात एका हातात बंदूक असताना कोटाच्या खिशातून साखळी ओढायला सवड कुणाला! सुरुवातीची अशी घड्याळं बघाल तर खिशातल्या घड्याळालाच दोन बाजूंना तारेच्या कड्या डाकलेल्या आणि त्यांतून चामड्याचा पट्टा ओवलेला दिसतो.

आपले लोक मुख्यतः पायदळातले. कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणींत बेने इस्राएल सुभेदार, जमादार पुष्कळ होऊन गेले. १७९६ मध्ये मुंबईतलं आपलं पहिलं प्रार्थनालय, ज्याला जुनी मशीद म्हणत, ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल दिवेकर, हेही फौजेतलेच. पण एकोणिसावं शतक संपता संपता सैन्यभरती जातवार पलटणींच्या हिशोबाने होऊ लागली. आपली संख्या मूठभर, स्वतंत्र पलटण उभी राहील इतकी माणसं नाहीत. मग फौजेचा रस्ता अरुंद झाला आणि आपली शिकलेली मुलं रेल्वे, पोस्ट, तार, कस्टम, इस्पितळं आणि कचेऱ्यांकडे वळली. घरातलं घड्याळ नेमकं कुठल्या काळातलं, हे म्हणून विचारायचं. १८७० चं आणि १९२० चं घड्याळ दोन वेगळ्या नोकऱ्या सांगतं.

इथे एक सावधगिरी. काही घड्याळांच्या पाठीवर बाणासारखी खूण असते, वर टोक आणि खाली तीन रेघा. ती ब्रिटिश सरकारच्या मालाची खूण. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी खिशातल्या घड्याळांवर तिच्यासोबत 'जी.एस.टी.पी.' ही अक्षरं आणि नंबर असतो. असं घड्याळ सापडलं की घरचे लगेच म्हणतात, "बघा, आजोबा लढाईत होते!" असतीलही. पण लढाई संपल्यावर असा माल ढिगाने बाजारात आला आणि पाच-दहा रुपये गाठीला असलेल्या कोणत्याही कारकुनाला तो घेता येत होता. बाणाने घड्याळ सरकारचं होतं एवढंच सिद्ध होतं. आजोबांचं सैनिकपण त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावरून सिद्ध होतं. पाठीवर रेल्वे कंपनीची आद्याक्षरं कोरलेली असली तर गोष्ट जरा वेगळी, कारण ते घड्याळ नोकरीचं हत्यार होतं, गार्डाच्या शिट्टीसारखं. ते घरी कसं आलं, हा प्रश्न मात्र जपून विचारावा!

आता मला ज्याच्यावर सगळ्यांत जास्त बोलायचंय ते. पणजोबांचं घड्याळ किती वाजले ते दाखवायचं, ठीक. पण कुठली वेळ?

आज हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल. पण त्या काळच्या मुंबईत दोन वेळा चालत. शहराची स्वतःची वेळ होती, 'बॉम्बे टाइम', ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे आणि तारखातं मात्र मद्रासच्या वेळेवर, म्हणजे मुंबईच्या साधारण अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सगळ्या सरकारी कामाला मद्रास टाइम लावून पाहिला. लोकांनी इतका आरडाओरडा केला की १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांचा इंडियन स्टँडर्ड टाइम आला आणि दोन वेळांतला फरक ३९ मिनिटांचा झाला. गिरणी कामगारांनी जानेवारीतच काम बंद पाडलं, दगडफेक झाली. त्यांच्या दृष्टीने साहेबाने सकाळची ३९ मिनिटं झोप चोरली होती. फिरोजशहा मेहतांनी महापालिकेत भांडून शहराची जुनी वेळ टिकवली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं पालिकेच्या घड्याळांत जिवंत होती. म्हणजे पन्नासेक वर्षं मुंबईत "किती वाजले?" या प्रश्नाला "स्टँडर्ड की बॉम्बे?" असा उलटा प्रश्न येत असे.

यात आपल्या माणसाचं काय व्हायचं ते बघा. आपण शनिवार तेली. कोकणातल्या गावांत घाणा शनिवारी बंद, एवढ्यावरून लोक आपल्याला ओळखत. नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल, कुठेही असो, शब्बाथ कधी लागतो हे समुद्रावरच्या सूर्यावरून कळे. त्याला घड्याळ लागत नव्हतं. नातू मुंबईत आला, जी.आय.पी.च्या कचेरीत लागला, आणि सूर्य गिरण्यांच्या धुरात आणि चार मजली चाळींमागे गेला. आता शब्बाथ घड्याळावरून धरायचा. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य स्टँडर्ड टाइमप्रमाणे सहाच्या सुमारास मावळतो. बॉम्बे टाइमवर लावलेल्या घड्याळात तेव्हा पाच वाजून २१ मिनिटं झालेली असतात. कचेरीतलं घड्याळ एक म्हणतंय, मोहल्ल्यातलं दुसरं, आणि प्रार्थनेला दहा माणसं जमायची आहेत. जूनच्या अखेरीस हेच गणित सात वाजून १९ आणि सहा वाजून ४० असं. बरं, सूर्याला दोन्ही वेळांशी देणंघेणं नाही. मला वाटतं, शहरात आलेल्या आपल्या पहिल्या पिढीने घड्याळ विकत घेतलं ते निदान अर्धं तरी या शुक्रवारच्या संध्याकाळसाठी. साहेबाला वाटलं असेल, माणूस वक्तशीर झाला!

आणखी एक गोष्ट शुक्रवारचीच. जुन्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. एकदा पूर्ण भरली की साधारण तीस ते चाळीस तास चालतं. शब्बाथला चावी देणं वर्ज्य. म्हणून शुक्रवारी दिवे लागायच्या आत चावी भरायची, म्हणजे शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचे पंचवीसेक तास आरामात निघतात. आमच्याकडे आजोबा शुक्रवारी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, घड्याळ कानाला लावून चावी देत असत. आजी तोपर्यंत दिवा पेटवायची नाही. धर्मग्रंथात असा काही नियम नाही, आमच्या घरात होता. तुमच्या घरीही असलं काही असेल तर ते लिहून ठेवा, कारण हे घड्याळ उघडून कोणालाही सापडणार नाही.

मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं मात्र आपली नव्हती, ती बगदादी मंडळींची. भायखळ्याच्या मागेन डेव्हिडचा मनोरा, पुण्याचं ओहेल डेव्हिड ज्याला अख्खं पुणं लाल देऊळ म्हणतं, काळ्या घोड्याजवळचं लायब्ररीचं घड्याळ, सगळीकडे ससूनांचं नाव. त्यांनी शहराला घड्याळ दिलं आणि आपल्या कारकुनांनी येता-जाता त्यावर आपलं लावून घेतलं. दोन्ही समाजांचे संबंध त्यापलीकडे फारसे गोड नव्हते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

बायकांची घड्याळं या संग्राहक पोरांच्या नजरेतून सुटतात, कारण ती लहान असतात आणि त्यांना भाव येत नाही. पण आपल्या बायका शिक्षिका आणि नर्स म्हणून फार लवकर घराबाहेर पडल्या. छातीवर पिनेने उलटं लावायचं घड्याळ पाहिलं आहे का? सहाचा आकडा वर, म्हणजे मान खाली घातली की घालणारीला सरळ दिसतं. हात मोकळे राहतात आणि सेकंदकाट्यावर नाडी मोजता येते. असं एखादं घड्याळ आजीच्या डब्यात निघालं तर ते दागिना समजून मोडीत घालू नका. तो तिच्या नोकरीचा दाखला आहे.

मग आलं एच.एम.टी. सरकारी हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं आपल्या घरांत नातेवाइकांच्या नावांसारखी वावरली. कारखाना सुरू झाला आणि आपली घरंच्या घरं इकडे यायला लागली, ते दिवस एकमेकांत मिसळलेले. बेअर शेवा, दिमोना, अश्दोदमध्ये अनेकांच्या हातावर रिटायरमेंटचं, लग्नातलं किंवा निरोपाचं एच.एम.टी. होतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि नेमका तेव्हापासून जगभरच्या शौकिनांना तिचा पुळका आला. 'जनता'च्या काही डायलींवर देवनागरी आकडे असतात. लोदच्या त्या मुलाकडे तेही आहे. त्याला मराठी वाचता येत नाही, पण एक ते बारा येतात, घड्याळावरून शिकला.

संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' अशी एक शिवी आहे. जुन्या घड्याळाची डायल नव्याने रंगवायची, काटे एकाचे, यंत्र दुसऱ्याचं, आणि चकचकीत करून परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं. इंटरनेटवर घेताना याची भीती बाळगायलाच हवी. पण स्वतःच्या घरच्या घड्याळाला ही शिवी लावू नका. आजोबांनी गिरगावात किंवा डोंगरीत घड्याळजीकडून डायल रंगवून घेतली असेल तर ती त्यांच्या परिस्थितीची नोंद आहे. नवं घेणं परवडत नव्हतं आणि जुनं टाकवत नव्हतं. आता तुम्ही 'मूळ' डायल शोधून बसवलीत, तर कंपनीचं घड्याळ परत येईल, आजोबांचं जाईल.

म्हणून माझं सांगणं, पाठीला पॉलिश करू नका, कोरलेलं झिजतं. चांगल्या घड्याळजीकडून झाकण उघडवून आतून बारीक बघा. दुरुस्ती करणारे आतल्या बाजूला सुईने खूण, कधी तारीखही खरडून ठेवत. ते फोटोत घ्या. अंधारात चमकणारे आकडे असलेली जुनी डायल घरी खरवडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं आणि त्याची पूड नाकात जाणं वाईट. आणि एका कागदावर लिहा: कोणाचं, कोणत्या खात्यात, कोणी दिलं, इकडे कोणी आणलं. तो कागद घड्याळाच्या डबीत ठेवा. आज हे सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे आहेत.

लोदच्या मुलाने मग आपल्या आत्याला फोन केला. पणजोबा रेल्वेतच होते, पार्सल ऑफिसात. आत्याला घड्याळापेक्षा एक वेगळीच गोष्ट आठवत होती. तिचे वडील इकडे आल्यावर दोन घड्याळं वापरत, इथल्या वेळेचं हातात आणि 'सवार' उशाशी. उशाशी असलेलं कायम साडेतीन तास पुढे. इथे उन्हाळी वेळ लागली की फरक अडीच तासांचा होई, तेव्हा ते हातातलं बदलत, उशाशी असलेल्याला हात लावू देत नसत. तिला वाटायचं ते बिघडलंय.