रीमरसाठी ठेवलेली शिल्लक

भोसरीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये मी उमेदवारी करत होतो, तेव्हाची गोष्ट. जिगच्या पोलादी प्लेटमध्ये दहा मिलिमीटरच्या डॉवेल पिनसाठी भोक पाडायचे होते. ड्रिल लागताना किंचित सरकले, ते मला दिसले होते. पण मनात म्हटले, अजून रीमर मारायचाच आहे, तो घेईल सांभाळून. रीमर मारला. भोक आतून आरशासारखे निघाले. प्लग गेजचे ‘गो’ टोक सुळकन आत गेले, ‘नो-गो’ तोंडाशीच अडले. माप बिनचूक आणि जागा चुकलेली! प्लेट भंगारात गेली. आमचे मिस्त्री ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “रीमर आंधळा असतो रे. आधीचं भोक नेईल तिकडं जातो.”

पुढे यंत्रांचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेलो, तेव्हा हेच वाक्य मला अडीचशे वर्षे मागे सापडले.

1770च्या सुमारास जॉन स्मीटनने स्कॉटलंडमधल्या कॅरन लोखंड कारखान्यासाठी सिलिंडर कोरण्याचे यंत्र उभारले. सिलिंडर ओतीव असे, म्हणजे भोक साच्यातूनच आलेले. ते मोठे करून गोल आणि गुळगुळीत करायचे, एवढेच काम. लांब दांड्याच्या टोकाला पाती बसवलेली होती. दांडा आपल्याच वजनाने वाकू नये म्हणून टोकाचा भार एका छोट्या गाड्यावर दिलेला होता आणि हा गाडा सिलिंडरच्याच आत, त्याच्याच ओबडधोबड तळावरून चाले. साहजिकच ओतकामात जे वाकडे होते, ते पात्याच्या वाटेतही उतरे. जेम्स वॉटचे वाफेचे इंजिन कागदावर तयार होते, 1769 साली त्याला पेटंटही मिळाले होते. पण दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून वाफ निसटत राहिली.

वाट काढली जॉन विल्किन्सनने. वेल्समधल्या बर्शमच्या आपल्या कारखान्यात तो तोफा कोरत असे आणि 1774 मध्ये त्याने त्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. सिलिंडरसाठी त्याने जाड दांडा आरपार घातला आणि त्याची दोन्ही टोके सिलिंडरबाहेर पक्क्या आधारांवर टेकवली. आता पात्याला दिशा देत होता तो बाहेरचा आधार. आधीचे भोक नव्हे. पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक कुठे नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन 1776 मध्ये समाधानाने सांगतो.

तेव्हापासून भोक नेमके करण्याच्या दोन वाटा झाल्या. बोरिंगचा दांडा विल्किन्सनच्या घराण्यातला: आधीचे भोक वाकडे असले तरी तो सरळ करतो. रीमर स्मीटनच्या घराण्यातला: तो माप देतो, पृष्ठभाग देतो, दिशा मात्र उसनी घेतो.

मग रीमर हवाच कशाला? कारण बारीक भोकात जाईल असा दांडा बारीकच असणार आणि बारीक दांडा लवतो. शिवाय एकसारखी शेकडो भोके करायची तर प्रत्येक वेळी दांडा मापाला लावत बसणे परवडत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बंदुकीच्या कारखान्यांपुढे हाच प्रश्न होता. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, तर भोकही तेच हवे. रीमर ते देऊ शकत होता, पण एका अटीवर: त्याच्यासाठी मागे ठेवलेला धातू दर वेळी सारखाच असला पाहिजे.

इथे ड्रिलचा इतिहास येतो. जुने ड्रिल म्हणजे टोक ठोकून चपटे केलेली पोलादी सळई. धार लावणाऱ्याच्या हातानुसार तिची रुंदी बदले. कीस बाहेर पडायला वाट नसे आणि खोल जाताना ती भरकटे. अशा ड्रिलने किती शिल्लक ठेवली, हे भोक मोजल्याशिवाय सांगता येत नसे. पिळाच्या ड्रिलचे तसे नाही. टोकाला कितीदाही धार लावा, व्यास जवळजवळ तोच राहतो. ‘कोणत्या मापाचे ड्रिल घ्यावे’ या प्रश्नाला अर्थ आला तो यानंतर.

पण हे ड्रिल बनवणे जिकिरीचे होते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत बंदुकीच्या निपलची बारीक भोके पाडायला लागणारी पिळाची ड्रिले कारागीर गोल कानशीने हातांनी घासून काढत होते. तिथला प्रमुख फ्रेडरिक हाऊ याने ही अडचण जोसेफ ब्राउनपुढे मांडली आणि 1862 मध्ये ब्राउनने युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले. आज टूलरूमचा कणा मानले जाणारे हे यंत्र जन्माला आले ते ड्रिलचा पीळ कापण्यासाठी! पुढच्याच वर्षी, 1863 मध्ये, स्टीफन मोर्सने आपल्या ड्रिलचे पेटंट घेतले. ‘मोर्स टेपर’ म्हणताना आपण रोज त्याचेच नाव घेतो.

इंची मापांच्या क्रमांकांची मुळे आणखी मागे जातात. लँकेशरमधल्या वॉरिंग्टनचा पीटर स्टब्ज कानशी बनवी. त्याच्या नावाने पोलादी तारेचे गेज रूढ झाले. पिळाच्या ड्रिलची 1 ते 80 ही क्रमवारी त्या गेजच्या वळणावर, किरकोळ फरकाने, आखलेली आहे: 1 क्रमांक 0.228 इंच, 80 क्रमांक 0.0135 इंच. त्यावरच्या मापांना इंग्रजी अक्षरे. पाव इंची रीमरसाठी ‘सी’ घ्या, म्हणजे 0.242, आठ हजारांश इंच शिल्लक राहते. मेट्रिकमध्ये दहाच्या रीमरआधी 9.8चे ड्रिल. हिशेब तोच, सुमारे 0.2 मिलिमीटर.

ही शिल्लक इतकीच का? ड्रिल स्वतःच्या मापापेक्षा थोडे मोठे भोक पाडते. त्यामुळे 9.95 घेतले तर रीमरला कापायला काही उरतच नाही. तो नुसता घासतो, तापतो, धार घालवतो. 9.5 घेतले तर कीस दात्यांत अडकतो आणि भोक ओरबाडून मोठे होते. दहाच्या एच-7 भोकाला सूट असते ती शून्य ते 0.015 मिलिमीटर एवढीच. म्हणून चाल ड्रिलच्या निम्म्याहून कमी, सरक मात्र जास्त. पोलादाला कटिंग ऑइल भरपूर. बाहेर काढतानाही रीमर उलटा फिरवायचा नाही. उलट फिरला की कीस धारेखाली सापडतो आणि धार तुटते. दाते मुद्दाम असमान अंतरावर असतात, म्हणजे थरथर एका तालात वाढत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: ड्रिल काढून रीमर लावताना जॉब जागचा हलवायचा नाही.

इतिहासात शेवटचा हात मारणाऱ्याचे नाव राहते. प्रॉव्हिडन्समध्ये कानशीने पीळ घासणाऱ्यांची नावे माझ्या वाचनात कुठे आली नाहीत. पण रीमरला नेमकी शिल्लक मिळावी, ही सोय आधी त्यांच्या बोटांनी केली आणि मग यंत्राने.

आमचे मिस्त्री आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला दुसरी प्लेट दिली. तिच्यावर रीमर मारायच्या आधी ड्रिलचे भोक त्यांनी स्वतः, दोनदा मोजले होते.